व्हिएतनामच्या तुरुंगातल्या लेखकांसाठी काही करायचंय? सुरुवात अशी करा

६ ऑक्टोबर २०२० च्या रात्री हो ची मिन्ह शहरात पोलिसांनी फाम दोआन त्रांग या पत्रकार बाईंना अटक केली. अमेरिका आणि व्हिएतनाम यांच्यातला वार्षिक मानवाधिकार संवाद त्याच दिवशी झाला होता. आपल्याला कधी तरी उचलणार हे त्रांग ओळखून होत्या. म्हणून २०१९ च्या मे महिन्यातच त्यांनी एक पत्र लिहून ठेवलं होतं, मी तुरुंगात गेले तर काय करायचं ते सांगणारं. एकट्या माझ्या सुटकेसाठी झटू नका, माझ्या कैदेचा उपयोग करून देशात नवा निवडणूक कायदा यावा म्हणून रेटा लावा, असं त्यांनी त्यात मागितलं होतं. अटकेनंतर ते पत्र प्रसिद्ध झालं. १४ डिसेंबर २०२१ ला हनोईच्या न्यायालयाने त्यांना ९ वर्षांची शिक्षा दिली. सरकारी वकिलांनी मागितली त्याहून जास्त.

कैद्यासाठी बाहेर राहून काम करायचं असेल तर सुरुवात या पत्रापासून करावी असं मला वाटतं. आपल्याला काय करावंसं वाटतं याला इथे दुसरा क्रमांक आहे. आत असलेल्या माणसाला काय हवंय आणि त्याच्या घरच्यांना काय झेपणार आहे, ते आधी समजून घ्यायचं. नव्या माणसाच्या हातून चुका होतात त्या बहुतेक इथेच.

पहिली पायरी: कलमं समजून घ्या

वकिली येण्याची गरज नाही, पण तीन आकडे पाठ हवेत. दंडसंहितेचं कलम ११७ म्हणजे राज्याविरुद्ध माहिती किंवा साहित्य तयार करणं, जवळ ठेवणं किंवा पसरवणं. शिक्षा ५ ते १२ वर्षं, प्रकरण गंभीर ठरवलं तर २० पर्यंत. नुसत्या तयारीलाही १ ते ५ वर्षं आहेत. कलम ३३१ म्हणजे ‘लोकशाही स्वातंत्र्यांचा गैरवापर’, त्याला ७ वर्षांपर्यंत. कलम १०९ म्हणजे सत्ता उलथवण्याचा प्रयत्न. त्यात २०२५ च्या मध्यापर्यंत मृत्युदंडाची तरतूद होती, आता जन्मठेपेपर्यंत आहे. २०१८ च्या आधीच्या जुन्या संहितेत ११७ च्या जागी कलम ८८ होतं. त्रांग यांना त्याच जुन्या कलमाखाली शिक्षा झाली. राजकीय कैद्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘द ८८ प्रोजेक्ट’ या संस्थेच्या नावातला आकडाही तिथलाच.

चौथा प्रकार नीट लक्षात ठेवा, कारण तो फसवा आहे: करचुकवेगिरी. पर्यावरणाचं काम करणारे वकील दांग दिन्ह बाख यांना जून २०२१ मध्ये अटक झाली आणि पुढे ५ वर्षांची शिक्षा झाली ती या आरोपाखाली. हवामान बदलावर काम करणाऱ्या होआंग थी मिन्ह होंग यांचंही तसंच. त्याआधी ‘दिएउ काय’ या नावाने लिहिणाऱ्या ब्लॉगलेखकाला २००८ मध्ये कराच्याच नावाखाली अडीच वर्षं आत टाकलं. ती शिक्षा भोगून झाली तरी सोडलं नाही, आणि २०१२ मध्ये लिखाणासाठी १२ वर्षांची नवी शिक्षा दिली. तेव्हा ‘हा तर आर्थिक गुन्हा दिसतो’ म्हणून नाव बाजूला सारण्याआधी तो माणूस अटकेपूर्वी काय लिहीत-बोलत होता ते पाहा.

आमच्याकडे सद्सद्विवेकाचे कैदी, म्हणजे फक्त विचारांसाठी डांबलेले लोक, नाहीतच, फक्त कायदा मोडणारे आहेत, असं व्हिएतनाम सरकार दरवेळी सांगतं. याला उत्तर त्यांच्याच कागदांत आहे. २०१३ च्या राज्यघटनेचं कलम २५ नागरिकाला भाषण, वृत्तपत्र आणि सभेचं स्वातंत्र्य देतं. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात व्हिएतनाम १९८२ पासून सहभागी आहे. पत्रात हे दोन दाखले दिले की तुम्ही परकी मतं लादत नाही, त्यांनीच दिलेल्या शब्दाची आठवण करून देत आहात, हे आपोआप स्पष्ट होतं.

दुसरी पायरी: एकच नाव निवडा

मानवाधिकार संघटनांच्या हिशोबाने तिथल्या तुरुंगांत दीडशेहून जास्त राजकीय कैदी आहेत. सगळ्यांसाठी लिहायला गेलात तर कोणासाठीच धड लिहून होणार नाही. एक माणूस निवडा आणि त्याच्याबद्दल सगळं वाचा.

प्रसिद्ध नावच घ्यायला हवं असं नाही. त्रांग यांना जगभरातून पुरस्कार मिळाले आहेत, त्यांच्यासाठी लिहिणारे पुष्कळ आहेत. पण दा नांगमधले नूडल विकणारे बुई तुआन लाम घ्या. २०२१ मध्ये पोलीसमंत्री ‘तो लाम’ (हे त्यांचं पूर्ण नाव) लंडनच्या एका हॉटेलात सोन्याचा वर्ख लावलेला मांसाचा तुकडा खातानाची चित्रफीत जगभर फिरली. तो तुकडा भरवणाऱ्या बल्लवाची नक्कल बुई तुआन लाम यांनी आपल्या नूडलच्या वाडग्यावर कांद्याची पात भुरभुरत केली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली आणि मे २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या मजकुरासाठी साडेपाच वर्षांची शिक्षा. चित्रफितीतले ते मंत्री नंतर सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचे सर्वोच्च नेते झाले.

किंवा कान थी थेउ यांचं कुटुंब घ्या. हनोईजवळच्या दुओंग नोई इथल्या या शेतकरी बाई जमीन हिसकावण्याविरुद्ध उभ्या राहिल्या. त्या आत, आणि त्रिन्ह बा फुओंग व त्रिन्ह बा तू हे दोन्ही मुलगे आत. फुओंग यांना १० वर्षांची शिक्षा झाली होती. २०२५ मध्ये, तुरुंगात असतानाच, त्यांच्यावर आणखी ११ वर्षं लादली गेली. भूसंपादनाचे मोर्चे पाहिलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला हे घर समजायला वेळ लागणार नाही.

तिसरी पायरी: खात्री करा, मगच बोला

व्हिएतनामबद्दल आपल्याकडे जिव्हाळा आहे आणि त्या जिव्हाळ्यापोटी काहीही पुढे ढकललं जातं. व्हिएतनामचे मंत्री रायगडावर आले आणि तिथली माती मायदेशी घेऊन गेले, हा निरोप तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. त्याला विश्वासार्ह पुरावा सापडत नाही. कैद्यांच्या बाबतीत असला सैलपणा परवडत नाही. सुटलेल्या माणसासाठी ‘सोडा’ म्हणून लिहिलं, शिक्षेचा आकडा चुकला, फोटो भलत्याचाच लावला, तर पुढचं खरं पत्रही तिथे कचऱ्यात जातं.

म्हणून प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी ताडून पाहा. ‘द ८८ प्रोजेक्ट’, ह्यूमन राइट्स वॉच, अॅम्नेस्टी इंटरनॅशनल, पत्रकारांसाठी ‘कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स’ आणि ‘रिपोर्टर्स विदाऊट बॉर्डर्स’, लेखकांसाठी ‘पेन इंटरनॅशनल’ ही पाहण्यासारखी ठिकाणं. तारीख, कलम, न्यायालय, सध्याचा तुरुंग, तब्येत एवढं एका पानावर काढून ठेवा आणि प्रत्येक पत्राआधी ते पान ताजं करा. कैद्यांना न कळवता दुसऱ्या तुरुंगात हलवलं जातं, त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीचा पत्ता खरा धरू नका.

नावांचं एक सांगायला हवं. तिथे घराण्याचं नाव आधी येतं आणि हाक मारायचं नाव शेवटी. फाम दोआन त्रांग यांना ‘त्रांग’ म्हणायचं, ‘फाम’ नाही. न्गुएन हे आडनाव तर इतक्या लोकांचं आहे की नुसतं तेवढं लिहून कोणाचाच पत्ता लागणार नाही. शोधताना आणि पत्रात नाव त्यांच्या लिपीतल्या स्वरखुणांसकट चिकटवा. खुणा गेल्या की माणूस बदलतो.

चौथी पायरी: घरच्यांचं ऐका

हा भाग घाईने वाचू नका.

राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रकरणात तपास संपेपर्यंत वकीलही भेटू देत नाहीत, आणि तो तपास कित्येक महिने चालतो. शिक्षा लागल्यावर कायद्याने महिन्यातून एक भेट आणि दहा मिनिटांचा एक फोन मिळतो. मूळच्या हनोईच्या असलेल्या त्रांग यांना दक्षिणेतल्या बिन्ह दुओंगच्या आन फुओक तुरुंगात पाठवलं गेलं. म्हणजे त्या एका भेटीसाठी वृद्ध आईला देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं. अशा घराला आपल्या उत्साहाचा भार होता कामा नये. काही कुटुंबांना गाजावाजा हवा असतो, कारण नाव चर्चेत राहिलं की आत मारहाण कमी होईल अशी आशा असते. काहींना आत्ता, या महिन्यात, शांतता हवी असते, कारण औषधांचा अर्ज विचाराधीन असतो. तुम्ही परस्पर त्यांना संदेश पाठवू नका. त्यांच्याशी आधीपासून संपर्क असलेल्या संस्थेला विचारा: सध्या जाहीर लिहिलं तर चालेल का?

व्हिएतनाममध्ये राहणाऱ्या कोणालाही आपल्या पोस्टमध्ये टॅग करू नका. तिथे समाजमाध्यमावरचा मजकूर न्यायालयात पुरावा म्हणून येतो. डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या १४७ क्रमांकाच्या हुकुमाने खात्याला फोन नंबर किंवा ओळखपत्र जोडणं सक्तीचं केलं आहे. म्हणजे तुमच्या पोस्टखाली ‘धन्यवाद’ लिहिणाऱ्या माणसाचा पत्ता सरकारकडे तयार असतो.

फलकावर तीन लाल पट्ट्यांचा पिवळा झेंडा लावू नका. तो १९७५ मध्ये पडलेल्या दक्षिण व्हिएतनामचा. परदेशातल्या अनेक निर्वासितांना तो जवळचा आहे आणि त्यांचं दुःख खरं आहे. पण हनोईत तो शत्रूचा झेंडा. ज्या कैद्याने आयुष्यात तो हाती धरला नाही, त्याच्या फोटोशेजारी आपण तो का लावायचा? ‘व्हिएत तान’ या परदेशस्थ पक्षाबाबतही तीच काळजी घ्या. २०१६ मध्ये सरकारने त्याला दहशतवादी जाहीर केलं. कैद्याचा त्याच्याशी संबंध आहे असं सुचवणारं एक वाक्यही त्याच्या अंगाशी येऊ शकतं.

पाचवी पायरी: पत्र

पत्र लिहायचं राष्ट्रपतींना, पंतप्रधानांना आणि सार्वजनिक सुरक्षा मंत्र्यांना. पदावर कोण आहे ते त्या आठवड्यात तपासा. प्रत दिल्लीतल्या व्हिएतनामच्या दूतावासाला आणि मुंबईतल्या महावाणिज्य दूतावासाला. भाषा इंग्रजी चालेल. एका पानाहून मोठं नको. मजकुराचा आराखडा असा:

“महोदय, मी महाराष्ट्रात राहणारा शिक्षक आहे. आपल्या देशाबद्दल मला आदर आहे. पत्रकार फाम दोआन त्रांग यांना १४ डिसेंबर २०२१ रोजी झालेल्या ९ वर्षांच्या शिक्षेबद्दल मी लिहीत आहे. त्यांचं काम आपल्या राज्यघटनेच्या कलम २५ ने दिलेल्या हक्कात बसतं असं मला वाटतं. त्यांची विनाअट सुटका करावी, आणि तोपर्यंत त्यांना योग्य वैद्यकीय उपचार, नियमित कौटुंबिक भेट व वाचायला पुस्तकं मिळावीत, अशी विनंती आहे.”

‘विनाअट’ हा शब्द सोडू नका. दिएउ काय यांना २०१४ मध्ये तुरुंगातून थेट अमेरिकेच्या विमानात बसवण्यात आलं. वकील न्गुएन वान दाय यांना २०१८ मध्ये जर्मनीला पाठवलं. सुटका आणि हद्दपारी एकाच कागदावर येते. काहींनी ती स्वीकारली, आणि त्यांना नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. त्रान हुइन्ह झुय थुक यांनी मात्र २००९ पासून आत राहूनही देश सोडायला नकार दिला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते स्वतःच्या घरी परतले. निवड कैद्याची असू द्या.

छोट्या मागण्यांना कमी लेखू नका. डॉक्टर, चष्मा, पुस्तकं, घराजवळचा तुरुंग. विनाअट सुटकेचा निर्णय वरच्या पातळीवर होतो, पण डॉक्टर बोलावणं तुरुंगाधिकाऱ्याच्याही हातात असतं. नागरी पत्रकार दो कोंग दुओंग २०२२ मध्ये तुरुंगातच वारले. आजारपणाची बातमी आली की त्याच दिवशी लिहा.

कैद्याला स्वतंत्र पत्र पाठवायचं असेल तर त्यात राजकारण एक अक्षरही नको. ते अधिकारी वाचणार. पाऊस कधी आला, अंगणात काय फुललं, तुमची आठवण आहे, एवढं पुरे. अनेकदा ते हाती पडणारही नाही. तरी पाठवा. या कोठडीकडे बाहेरून कोणाचं तरी लक्ष आहे हे पाकीट उघडणाऱ्याला कळतं.

सहावी पायरी: वेळ साधा

पत्र कधी जातं याला फार महत्त्व आहे. थुक आणि मिन्ह होंग यांची सुटका पक्षनेते ‘तो लाम’ अमेरिकेला निघण्याच्या तोंडावर झाली. मोठ्या नेत्याचा परदेश दौरा, अमेरिका, युरोपीय संघ किंवा ऑस्ट्रेलियासोबतचा मानवाधिकार संवाद, २ सप्टेंबरच्या राष्ट्रीय दिनाआधीची माफी, तेत म्हणजे त्यांचं नववर्ष, आणि अपिलाची सुनावणी या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. दौऱ्याच्या तीन-चार आठवडे आधी पत्र पोचलं पाहिजे. १५ नोव्हेंबर हा तुरुंगातल्या लेखकांचा दिवस आणि १० डिसेंबर हा मानवाधिकार दिन. या दोन दिवशी वाचनालयात किंवा महाविद्यालयात वाचनाचा छोटा कार्यक्रम सहज होतो.

सातवी पायरी: संस्थांचे दरवाजे

संयुक्त राष्ट्रांचा मनमानी अटकेवरचा कार्यगट वैयक्तिक तक्रारी घेतो. त्रांग यांच्यासह अनेक व्हिएतनामी कैद्यांची अटक मनमानी आहे असं त्याने ठरवलं आहे. पण हे काम कुटुंबाच्या संमतीने, अनुभवी संस्थेमार्फतच करायचं. नव्या माणसाचा उपयोग वेगळा आहे: तो निष्कर्ष पत्रात उद्धृत करणं आणि मराठीत लोकांना समजावून सांगणं.

अमेरिका, जर्मनी, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथे मतदार असलेल्या मराठी माणसांच्या हातात आपल्यापेक्षा जास्त आहे. अमेरिकन काँग्रेसच्या टॉम लँटोस मानवाधिकार आयोगाच्या उपक्रमात सदस्य एकेका कैद्याला दत्तक घेतात. जर्मनीतही खासदार कैद्यांचं पालकत्व स्वीकारतात. आपल्या मतदारसंघातल्या प्रतिनिधीला भेटून ‘तुम्ही या एका नावाचं पालकत्व घ्याल का’ असं विचारायला फक्त वेळ ठरवावी लागते. महाराष्ट्र मंडळातल्या दहा जणांनी मिळून विचारलं तर अधिक बरं.

भारतातून अपेक्षा बेताची ठेवा. दिल्ली आणि हनोईचे संबंध घनिष्ठ आहेत आणि परराष्ट्र खातं अशा विषयांवर जाहीर बोलत नाही. तरी खासदाराला लिहा. त्याहून उपयोगी म्हणजे साहित्य संस्था, पत्रकार संघ आणि वकील संघटना यांच्याकडून ठराव करून घ्या. लेखकांच्या संघटनेने लेखकासाठी बोलणं यात राजनैतिक अडचण नसते.

‘आपल्याकडे काय कमी आहे, व्हिएतनामचं कशाला?’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येईल. १८९७ मध्ये ‘केसरी’तल्या लिखाणासाठी टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. त्यांना सोडावं म्हणून इंग्लंडमधून ज्यांनी अर्ज केला त्यांत दादाभाई नौरोजींबरोबर ऑक्सफर्डचे मॅक्स म्युलर होते, आणि टिळक १८९८ च्या सप्टेंबरात मुदतीआधी सुटले. आपल्या संपादकासाठी एका परक्या देशातल्या विद्वानाने सही केली होती. आपणही दुसऱ्यांसाठी ती करायला हवी. आणि व्हिएतनामसाठी लिहिणाऱ्याने इथल्या कैदेतल्या लेखकासाठीही लिहावं. एकाने दुसऱ्याचं काही कमी होत नाही.

पैसे आणि प्रवास

स्वतः वर्गणी गोळा करून तिकडे पाठवू नका. न्गुएन थुई हान्ह या हनोईच्या बाई कैद्यांच्या कुटुंबांसाठी निधी चालवत होत्या. दोंग ताम गावातल्या २०२० च्या पोलीस कारवाईत मारल्या गेलेल्या वृद्धाच्या घरच्यांसाठी लोकांनी दिलेले पैसे त्यांच्या खात्यात आले आणि ते खातं गोठवलं गेलं. पुढच्या वर्षी त्यांना कलम ११७ खाली अटक झाली. द्यायचंच असेल तर नोंदणीकृत संस्थेला, भारतातून परदेशी पैसे पाठवण्याचे नियम पाहून.

सहलीला व्हिएतनामला जाणारे मराठी लोक आता खूप आहेत. जरूर जा. पण तिथे असताना कैद्याच्या घरी जाणं, पत्रकं नेणं, तुरुंगाचे फोटो काढणं यातलं काहीही करू नका. तुम्हाला फार तर परत पाठवतील. ज्यांच्या दारात तुम्ही उभे राहिलात त्यांची चौकशी मात्र तुम्ही गेल्यावर सुरू होईल.

मुंबईत निदर्शनं करायची तर आझाद मैदान आणि पोलिसांची परवानगी. वाणिज्य दूतावासाच्या दारात अचानक जमू नका. आधी भेटीची वेळ मागा आणि निवेदनाची पोच घ्या. पोच मिळाली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा.

सुटकेनंतर

माणूस सुटला की फाइल बंद करायची नाही. अनेक शिक्षांना शेपूट जोडलेली असते: तुरुंगानंतर काही वर्षं घराच्या परिसरातच राहायचं, पोलिसांच्या नजरेखाली. कान थी थेउ यांच्या ८ वर्षांच्या शिक्षेपुढे अशी ३ वर्षं आहेत. या काळात नोकरी मिळत नाही, घरमालक घर सोडायला सांगतात, उपचारासाठी दुसऱ्या गावी जायलाही परवानगी लागते. म्हणून तुमच्या त्या एका पानावर सुटकेच्या तारखेखाली नजरकैद संपण्याची तारीखही लिहा, आणि तोपर्यंत दर तीन महिन्यांनी संस्थेकडून खबर घ्या: औषधं मिळतात का, पासपोर्ट दिला का, पुन्हा लिहू देतात का.